वीट आला? मग वीट घ्या!

सकाळचे पावणेसात. क्रांती चौक. खाली वाळूजला जाणाऱ्या कंपनीच्या बसची वाट बघत उभी असलेली मंडळी, उड्डाणपुलावरून सुसाट निघालेल्या गाड्या, टपरीवरून येणारा आल्याच्या चहाचा वास... आणि या सगळ्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावरच्या एका हॉलमध्ये, त्रिकोणासनात लटकलेली मी.

'लटकलेली' हाच शब्द बरोबर आहे, बरं का! उजवा हात जमिनीला टेकलाय. (बघा, टेकलाय!) डावा हात छताकडे. खिडकीतून अश्वारूढ शिवाजी महाराज दिसतायत. ते कसे ताठ, आणि इकडे माझा कणा केळ्यासारखा वाकलेला. गुडघा थरथरतोय, श्वास कुठेतरी अडकलाय, चेहऱ्याचा टोमॅटो झालाय. पण हात टेकलाय ना, बॉस! मग झालं तर.

शेजारच्या मॅटवर साठीच्या एक काकू होत्या. त्यांचा हात जमिनीवर नव्हताच. पायाशी उभ्या ठेवलेल्या एका ठोकळ्यावर होता. छाती मस्त उघडलेली, श्वास संथ, चेहऱ्यावर ढिम्म ताण नाही. मी मनात म्हटलं, 'बिच्चाऱ्या! वय झालं आता.'

पुढच्याच मिनिटाला वर येताना माझ्या मांडीच्या मागे काहीतरी 'कट्' झालं. आणि बिच्चारी कोण, ते ठरलं!

तीन आठवडे. स्कूटीवर बसता येईना, खुर्चीवर वीस मिनिटांच्या वर टिकता येईना. नोकरी करणाऱ्यांना निदान सिक लीव्ह असते. फ्रीलान्सरचं कसं असतं माहितीये? तुम्ही नाही लिहिलं तर दुसरं कुणीतरी लिहितं! माझ्या हातातल्या दोन स्टोऱ्या अशाच गेल्या. डॉक्टरांनी तपासलं, मांडीच्या मागचा स्नायू ओढला गेलाय म्हणाले, आणि वर हसत विचारलं, "जमिनीला हात लावायची एवढी काय घाई होती?"

बरी होऊन क्लासला परत गेले, तेव्हा मॅडमनीही तेच विचारलं. जरा वेगळ्या शब्दांत. "मी तुझ्याजवळ ब्लॉक ठेवला होता. तो पायाने बाजूला का सारलास?"

उत्तर होतं, पण देता येईना. सांगणार काय? की मॅडम, मला वाटलं ब्लॉक म्हणजे लहान मुलांच्या सायकलला लावलेली जादा चाकं? की अठ्ठावीस वर्षांच्या मुलीने ठोकळा घेतला तर बाकीचे काय म्हणतील?

तर मंडळी, आजचा विषय हा ठोकळा. योगाचा ब्लॉक. तो कुणी घ्यायचा, कसला घ्यायचा, किती उंच घ्यायचा. मी तीन आठवडे घालवून शिकले, तुम्ही दहा मिनिटांत वाचा.

हे फॅड नाही, हे पुण्याचं आहे!

परवा एका मित्राला ब्लॉक दाखवला, तर म्हणाला, "हे सगळं फॉरेनचं फॅड! आपल्या ऋषिमुनींना लागायचे का असले ठोकळे?" सॉरी मित्रा. हा ठोकळा जगभर गेला तो आपल्या पुण्यातून.

बी. के. एस. अय्यंगार हे नाव ऐकलं असेलच. 1918 साली कर्नाटकातल्या बेल्लूरला जन्म, तोही इन्फ्लुएंझाच्या साथीत. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षयरोग, एकामागून एक दुखणी. हातपाय काडीसारखे, पोट पुढे. त्यांचे गुरू टी. कृष्णमाचार्य यांनी 1937 मध्ये त्यांना पुण्याला शिकवायला पाठवलं, तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते. डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी म्हणून आलेला हा मुलगा पुढे पुणेकरच झाला. 1966 मध्ये त्यांचं 'लाइट ऑन योगा' आलं आणि जगभर गाजलं. 1975 मध्ये पुण्यात रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था उभी राहिली. 2014 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यातच ते गेले.

आता गंमत बघा. या माणसाचं शरीर अशक्य लवचीक. हवं तसं वाकायचं, वळायचं. आणि तरीही पट्टे, दोऱ्या, खुर्च्या, लोड, लाकडी विटा ही सगळी साधनं योगवर्गात रुजवली ती त्यांनीच! सुरुवातीच्या काळात तर रस्त्याकडेला पडलेल्या विटा आणि दगडही त्यांनी आधाराला वापरले. का? कारण समोर येणारा प्रत्येक जण त्यांच्यासारखा नव्हता. कुणी म्हातारा, कुणी आजारी, कुणाचा गुडघा गेलेला, कुणी दिवसभर खुर्चीत बसून आखडलेला. (हे शेवटचं ओळखीचं वाटतंय ना?) आसन माणसापर्यंत पोचावं, यासाठी मधे एक वीट ठेवायला त्यांना कमीपणा वाटला नाही.

आणि दुसऱ्यांसाठीच कशाला? 1979 मध्ये, वयाच्या साठीत, स्कूटरच्या अपघातांत अय्यंगारांना स्वतःला चांगलाच मार बसला. आयुष्यभर कमावलेली आसनं गेली. ती परत मिळवताना जगातल्या एका मोठ्या योगगुरूने ही साधनं स्वतःसाठी वापरली. हे वाचलं तेव्हा मी जरा वेळ गप्प बसले. त्यांना चालतं, आणि मला लाज वाटत होती?

बरं, आधार घेणं हे अय्यंगारांच्याही फार आधीचं आहे. हंपीला गेलात तर 1528 सालची नरसिंहाची प्रचंड मूर्ती नीट बघा. दोन्ही गुडघ्यांभोवती एक पट्टा दिसेल. तो योगपट्ट. बसणं सोपं व्हावं म्हणून बांधलेला. एवढ्या लांब जायचं नसेल तर आपलं वेरूळ आहेच, तासाभराच्या अंतरावर. दहाव्या क्रमांकाच्या लेणीतला, म्हणजे आपल्याकडे जिला 'सुताराची झोपडी' म्हणतात तिथला बुद्ध आठवतोय? मांडी घालून नाही, पाय खाली सोडून बसलाय, आपण खुर्चीत बसतो तसा. त्याच्या शांतपणात त्यामुळे काही कमी झालंय असं वाटतं का तुम्हाला?

आणि खुद्द आपल्या पंढरपुरात पहा. विठोबा युगानुयुगं उभा आहे तो कशावर? विटेवरच की!

आधी वीत, मग वीट

आता कामाचं. बहुतेक जण ब्लॉक कसा घेतात? ऑनलाइन जातात, रंग बघतात, मॅटला मॅच होणारा जांभळा किंवा मोरपंखी सिलेक्ट करतात आणि खलास. मीही तेच केलं असतं. पण मॅडम म्हणाल्या, "आधी स्वतःला मोज."

बाजारात मिळणारा नेहमीचा ब्लॉक साधारण नऊ इंच लांब, सहा इंच रुंद आणि चार इंच जाड असतो. काही तीन इंच जाडीचे येतात. म्हणजे एकाच ठोकळ्यात तीन उंच्या. उभा ठेवला की नऊ इंच, कुशीवर आडवा ठेवला की सहा, सपाट ठेवला की चार. एकात तीन, फुल्ल पैसा वसूल!

घरी करून बघा. टेपही लागणार नाही. भिंतीला पाठ लावून त्रिकोणासनात उभे राहा. पाय फाकवा, पुढचा पाय बाहेर वळवा आणि कमरेतून बाजूला झुका. पण डोकं, खांदे आणि नितंब भिंतीला टेकलेले राहतील तेवढंच. भिंत सुटायला लागली की थांबा. ती तुमची खरी जागा. आता घरातल्या कुणाला तरी तुमच्या तळहातापासून जमिनीपर्यंत किती अंतर उरलंय ते बघायला सांगा. आपली आजी मोजायची तसं. एक वीत म्हणजे ढोबळमानाने नऊ इंच.

वीतभर अंतर उरलं, तर ब्लॉक उभा. त्याहून थोडं कमी, तर आडवा. चार-पाच बोटं उरली, तर सपाट. आणि वीतभराहूनही जास्त? टेन्शन नॉट! भक्कम खुर्ची किंवा स्टूल घ्या, हात त्याच्या बैठकीवर ठेवा. काही महिन्यांनी खुर्चीवरून ब्लॉकवर याल.

माझं अंतर किती भरलं, सांगू? एक वीत आणि वर दोन बोटं! आणि मी तो हात जमिनीला टेकवत होते. मग ते जादा अंतर कुठून आणत होते? कण्यातून. गुडघ्यातून. त्या बिचाऱ्या मांडीच्या स्नायूतून.

यामागचं कारण साधं आहे. आपण दिवसातले आठ-नऊ तास खुर्चीत. त्यावर जालना रोडच्या ट्रॅफिकमध्ये स्कूटीवर. गुडघे सतत दुमडलेले. त्यामुळे मांडीच्या मागचे स्नायू आखडतात. ते स्नायू कमरेच्या हाडाला खालून बांधलेले असतात. ते सोडायला तयार नसले की खाली वाकताना कंबरेतून वळणंच होत नाही. मग सगळं वाकणं पाठीच्या खालच्या भागावर येतं, जिथे ते नको असतं. हाताखाली वीट आली की हे स्नायू जितके सोडतात तितकंच मागितलं जातं. म्हणजे ब्लॉक आसन सोपं करत नाही. ते बरोबर करायला लावतो. माझ्या मांड्यांना खरं काम पहिल्यांदा कळलं ते ब्लॉक घेतल्यावरच!

फोम, कॉर्क की लाकूड?

उंची ठरली. आता कसला घ्यायचा? इथे तीन उमेदवार आहेत.

पहिला फोम. सगळ्यात हलका, सगळ्यात स्वस्त, हवा तो रंग. बॅगेत टाकला तरी कळत नाही. पाठीखाली, डोक्याखाली, मांडीखाली घ्यायला एकदम सही. दमून आलेल्या संध्याकाळी झोपून करायच्या आसनांचा हा दोस्त. पण उभ्याच्या आसनात त्याची परीक्षा होते. हलका फोम उभा ठेवून त्यावर वजन टाकलं की तो दबतो, डुलतो. आणि आधारच डुलायला लागला की शरीर आणखी ताठरतं. दुकानात अंगठ्याने दाबून बघा. खोल खड्डा पडला तर नको. उभा ठेवून वरून तळहाताने रेटा. कलला तर नको. एक छोटी टीप: फोमचे 'हाय डेन्सिटी' म्हणून मिळतात, ते घ्या.

दुसरा कॉर्क. हो, बाटलीचं बूच असतं तोच. कॉर्क ओक नावाच्या झाडाची ही साल. जगातला निम्म्याच्या आसपास कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येतो. यासाठी झाड तोडत नाहीत. झाड पंचविशीत आलं की पहिल्यांदा साल काढतात आणि मग दर नऊ वर्षांनी पुन्हा. त्या सालीचा भुगा दाबून ब्लॉक करतात. वजन पाऊण ते एक किलोच्या आसपास. जागचा हलत नाही, आणि हाताला घाम आला तरी निसटत नाही. आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा गुण सोन्याचा! फोमपेक्षा महाग आहे, कडा ठोकरल्या की टवके उडतात, आणि पाठीखाली थोडा कडक लागतो. पण एकच प्रकार घ्यायचा असेल तर डोळे मिटून हा.

तिसरं लाकूड. अय्यंगार पद्धतीच्या वर्गात दिसते ती लाकडी वीट. ही बहुतेक वेळा आपल्या घरबांधणीच्या विटेच्या मापाच्या जवळ जाते, नऊ, साडेचार आणि तीन इंच. हातात नीट मावते, वजन टाकलं की मुंगीएवढीही दबत नाही. उभ्याच्या आसनांसाठी बेस्ट. पण पायावर पडली तर आठवणीत राहील! आणि गुळगुळीत पॉलिश असेल तर घामट हात सरकतो.

मग मी काय घेतलं? कॉर्कचं बजेट त्या महिन्यात नव्हतं. (एका चेकची वाट बघत होते. अजूनही बघतेय!) क्लासची फीसुद्धा आईकडून उसनी घेतलेली. म्हणून मी गेले आमच्या गल्लीतल्या सुतारचाचांकडे.

चाचांनी कागदावरचं माप बघितलं. "बेटी, ये कायके वास्ते?"

"योगासाठी, चाचा. हात टेकवायला."

मला वाटलं हसतील. पण त्यांनी विचारलं, "वजन कितना पडेगा? और खडी रखेगी के आडी?"

अख्ख्या ऑनलाइन दुनियेत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता! रंग विचारला, ईएमआय विचारला, वजन कुठल्या बाजूने पडणार हे कुणीच नाही. त्यांच्याकडे पॅकिंगच्या खोक्यांतून उरलेलं पाइनचं लाकूड होतं. सागवानाची वीट दिसेल छान, पण उचलताना दमशील, म्हणाले. गाठ नसलेला तुकडा निवडला, कोपरे गोल केले, पॉलिश पेपरने घासलं आणि शेवटी डोळे मिटून चारी कडांवरून बोट फिरवलं. कूस लागते का ते बघायला. वरून पॉलिश मारू का, असं त्यांनी विचारायच्या आधीच मी 'नको' म्हटलं. तेवढीच माझी अक्कल! दोन विटा, दोन सिनेमाच्या तिकिटांच्या पैशात. तुम्हीही करून घ्या, फक्त रसायन मारलेलं, वास येणारं किंवा ओलं लाकूड घेऊ नका.

आणि हो, दोन. एक नाही. ब्लॉक नेहमी जोडीने घ्या. उत्तानासनात दोन्ही हात खाली जातात, तेव्हा एका हाताखाली वीट आणि दुसरा अधांतरी, असं चालत नाही. बसतानाही दोन सारखे हवेत.

कुठे ठेवायचा हा ठोकळा?

त्रिकोणासन, पार्श्वकोनासन, अर्धचंद्रासन: हाताखाली. उंची वर सांगितली तशी मोजून.

उत्तानासन: दोन्ही हातांखाली एकेक. गुडघे किंचित सैल ठेवलेत तरी काही बिघडत नाही.

सुखासन, म्हणजे आपली साधी मांडी: इथे ब्लॉक हाताखाली नाही, बुडाखाली! मांडी घातल्यावर गुडघे कमरेच्या वर राहत असतील तर पाठ वाकणारच. दोन ब्लॉक सपाट, शेजारी शेजारी ठेवून बसा. गुडघे खाली येतात, कणा आपोआप सरळ होतो. ब्लॉक नसतील तर घरातला जेवायचा पाट चालेल. आपल्या आज्ज्यांना हे सगळं ठाऊक होतं, फक्त त्याला 'प्रॉप' म्हणत नव्हत्या इतकंच.

सेतुबंध: उताणं झोपून, पाय दुमडून कंबर उचलायची आणि खाली ब्लॉक सरकवायचा. जागा महत्त्वाची! कमरेच्या खोलगट भागाखाली नाही, त्याच्या खाली जे रुंद, सपाट हाड लागतं त्याच्याखाली. सुरुवात सपाट ठेवून, चार इंचांपासून. डेडलाइनच्या दिवशी पाच मिनिटं हे करा, लाख मोलाचं आहे.

एक सूचना मात्र सीरियसली घ्या. मणक्यात गादी सरकलेली असेल, गुडघ्याचं किंवा पाठीचं ऑपरेशन झालेलं असेल, गरोदर असाल, तर हे वाचून सुरू करू नका. आधी डॉक्टर, मग शिकलेला शिक्षक, मग ठोकळा. याच क्रमाने.

आईची वीट

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

विटा घरी आणल्या त्या संध्याकाळी मी हॉलमध्ये भिंतीला चिकटून त्रिकोणासन करत होते. आई स्वयंपाकघरातून बघत होती. "काय करायलीस गं? आणि ती वीट कशाला?"

मी सांगितलं. सगळंच सांगितलं. हात पोचत नव्हता, तरी टेकवत होते. लाज वाटत होती. तीन आठवडे त्याच्यामुळेच गेले. आणि मग कशी कुणास ठाऊक, गाडी पुढे गेली. दोन स्टोऱ्या गेल्या, एक चेक अडकलाय, 'सगळं मस्त चाललंय' असं मी तिला दर आठवड्याला सांगत होते तेही काही खरं नव्हतं.

आई काही बोलली नाही. पदराला हात पुसत आली आणि खुर्चीत बसली. मग म्हणाली, "माझंही गुडघ्याचं कधीपासून आहे. तुला कशाला सांगायचं, म्हटलं. तुझंच तुला कमी आहे का."

दोन वर्षं, मंडळी! दोन वर्षं तिने महालक्ष्म्यांच्या वेळी खाली बसून काम केलं आणि उठताना ओट्याला धरून 'काही नाही, जरा मुंग्या आल्या' म्हणाली. आणि मी ते मान्य केलं. हात टेकलाय ना, मग झालं तर. हे घराण्यातच आहे आमच्या!

दुसऱ्या दिवशी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. गुडघ्याची झीज, वयाप्रमाणे. व्यायाम सांगितले, जमिनीवर बसणं बंद केलं. पण घरी आल्यावर मला एक गोष्ट पहिल्यांदाच दिसली. आई बुटकी आहे. आमच्या डायनिंगच्या खुर्चीत बसली की तिचे पाय जमिनीला पोचत नाहीत. वर्षानुवर्षं ती पुढे सरकून, टाचा उचलून, कडेवर बसते. रोज, तीन वेळा. आणि मी समोर बसून मोबाइल बघत जेवते.

मी दोन्ही विटा आणल्या, सपाट ठेवल्या, तिच्या पायांखाली सरकवल्या. ती मागे टेकून बसली. पाठ खुर्चीला लागली. "अगं, बरं वाटायलंय की!" म्हणाली, आणि भाजी वाढायला लगेच उठू लागली. मी बसवलं. त्या दिवशी वाढलं मी.

सध्या आमच्या घरात विटांची शिफ्ट ड्युटी चालू आहे. सकाळी पावणेसातला त्या क्रांती चौकात माझ्या हाताखाली, दुपारी आणि रात्री डायनिंग टेबलाखाली आईच्या पायांशी. आणखी एक जोडी करून घेणार आहे. चेक आला की!

माझा हात? अजूनही जमिनीला पोचत नाही. वीत आणि दोन बोटं होतं, आता वीतभर आहे. खुर्चीवरून उभ्या विटेवर आलेय, आणि सध्या तिथे मजेत आहे. शेजारच्या काकूंना परवा विचारलं, तुम्ही किती दिवसांपासून ब्लॉक घेता? "बावीस वर्षं झाली," काकू म्हणाल्या. आणि मला माझा चेहरा पुन्हा टोमॅटो झाल्यासारखा वाटला.

ब्लॉक घेताना... चटकन चेक लिस्ट!

• आधी भिंतीला टेकून अंतर मोजा, मगच जाडी ठरवा. उंच आणि आखडलेल्या मंडळींना चार इंची, लहान चणीच्यांना तीन इंची बरा पडतो.
• एकच प्रकार घ्यायचा तर कॉर्क. झोपून करायची आसनं जास्त असतील तर घट्ट फोम. उभ्याची जास्त असतील तर लाकूड.
• नेहमी जोडी घ्या, एकाच मापाची.
• उभा ठेवून वरून रेटून बघा. डुलला की परत ठेवा.
• कोपरे गोल हवेत. टोकदार कड पाठीत रुततेच.
• ब्लॉक मॅटवर ठेवा, गुळगुळीत फरशीवर नाही. घसरलात तर दोष ब्लॉकचा नाही!
• कॉर्क ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. लाकडाला कूस निघाली तर पॉलिश पेपर मारा. फोमला खड्डे पडले की निरोप द्या.
• बजेट नाही? पाट, जाड पुस्तकं पट्ट्याने घट्ट बांधून, भक्कम स्टूल... सुरुवात करायला घरात सगळं आहे.
• क्लासमध्ये कुणी ब्लॉक पुढे केला तर पायाने बाजूला सारू नका. घ्या!

तर मग, उद्या सकाळी मोजताय ना? वीत भरली की दोन बोटं जास्त, ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या आठवड्यात. तोवर ताठ बसा. हो, हो, आत्ता हे वाचताना सुद्धा!